वाटीमागचं दुखणं: धावणाऱ्याचा गुडघा कसा ओळखायचा आणि कसा बरा करायचा

पळताना काहीच झालं नव्हतं. सकाळी सोलापूरच्या विजापूर रोडला नऊ किलोमीटर झाले, घरी आलो, आंघोळ झाली. कामावर निघताना तिसऱ्या मजल्यावरून जिना उतरायला लागलो, तर उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे काहीतरी घासल्यासारखं दुखायला लागलं. चढताना कमी, उतरताना जास्त. संध्याकाळी दोन तास स्टुलावर बसून उठलो तेव्हा गुडघा सरळच होईना.

मग सगळे करतात तेच मीही केलं. मेडिकलमधून नी-कॅप आणली. तिळाचं तेल कोमट करून चोळलं. एका ठिकाणी पहिल्याच भेटीत एमआरआय सांगितला, तोही करून आलो. रिपोर्टात सांगण्यासारखं काही निघालं नाही, खिसा मात्र हलका झाला. तीन आठवडे पळणं पूर्ण बंद ठेवलं आणि दुखणं गेलं. चौथ्या आठवड्यात खुशीत एकदम आठ किलोमीटर पळायला गेलो, तर तिसऱ्या किलोमीटरला तेच दुखणं त्याच जागी हजर.

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला एका पायरीवरून दहा वेळा उतरायला लावलं आणि म्हणाल्या, "गुडघा बिघडलेला नाही हो तुमचा. त्याला झेपतंय त्यापेक्षा जास्त तुम्ही त्याच्याकडून काढून घेताय. बसून राहिलात की त्याला झेपणं अजून कमी होतं." मला जे कळलं त्याचं सार एवढंच. खाली लिहिलंय ते या हिशोबाचं गणित कसं जमवायचं, ते.

आधी दुखणं नेमकं कुठलं ते बघा

आपल्याकडे गुडघ्यात काहीही दुखलं की पोरं म्हणतात, "वाटी गेली बे." पण जागा बघितल्याशिवाय उपाय करू नका. खुर्चीवर बसा आणि दुखतं तिथे एका बोटाने दाखवा.

बोट एका जागी टेकत नसेल, तळहात वाटीवर ठेवून "इथंच कुठंतरी, आतून" असं म्हणावं लागत असेल, तर बहुधा ते धावणाऱ्याचा गुडघा म्हणतात तेच. डॉक्टर त्याला पॅटेलोफिमोरल पेन म्हणतात. जिना उतरताना, उकिडवं बसून उठताना, एसटीत पुण्यापर्यंत गुडघे दुमडून बसल्यावर ते वाढतं. उभ्याने अर्धी बैठक मारून बघा. तेव्हा वाटीभोवती दुखलं, तर संशय आणखी पक्का होतो.

बोट गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नेमकं टेकत असेल आणि पळताना ठरावीक अंतरानंतरच दुखायला लागत असेल, तर ते मांडीच्या बाहेरून येणाऱ्या आयटी बँड नावाच्या जाड पट्ट्याचं दुखणं असू शकतं. वाटीच्या लगेच खाली, दोरीसारख्या लागणाऱ्या भागावर दुखत असेल आणि उड्या मारल्यावर वाढत असेल, तर तिथला स्नायूबंध दुखावलाय. गुडघा मध्येच अडकत असेल, तर आतल्या गादीचा, म्हणजे मेनिस्कसचा विचार करावा लागतो. दहा ते पंधरा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलाला वाटीखाली नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ आलं असेल, तर ते वाढत्या वयातलं वेगळं दुखणं. मूल लंगडतही असेल, तर डॉक्टरांना खुबा तपासायला जरूर सांगा. मुलांमध्ये मूळ कधीकधी खुब्यात असतं आणि दुखतं मात्र गुडघ्यात.

गुडघा दुमडताना कटकट वाजतो म्हणून घाबरून जाऊ नका. आवाजासोबत दुखत नसेल आणि सूज नसेल, तर तो नुसता आवाजच आहे. "वंगण संपलं" हे तर मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता हसूही येत नाही. पंचविशीतल्या पोराचं वंगण संपत नसतं.

वाटी काय काम करते

विहिरीच्या रहाटाचं चाक आठवा. दोर सरळ ओढण्यापेक्षा चाकावरून ओढला की ओढणं सोपं जातं. गुडघ्याची वाटी तसंच काम करते. मांडीच्या पुढच्या स्नायूचा जाड बंध तिच्यावरून जातो आणि खाली नडगीला जाऊन धरतो. स्नायूबंधात बसलेल्या हाडांमध्ये शरीरातलं सगळ्यात मोठं हाड हेच. मांडीच्या हाडाच्या टोकाला एक खोबण असते आणि गुडघा वाकवला की वाटी त्या खोबणीतून वर-खाली सरकते.

गुडघा जितका वाकतो तितकी वाटी खोबणीवर जास्त दाबली जाते. ढोबळमानाने, सपाटीवर चालताना हा दाब शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतो, जिन्यावर तिपटीच्या घरात जातो आणि खोल बैठकीत सातपटीपर्यंत. माझं वजन ७० किलो. म्हणजे माझ्या जिन्याच्या प्रत्येक पायरीला वाटीवर दोनशे किलोच्या वर दाब. हा दाब सोसायला तिच्या मागची कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत अस्तर, चांगली जाड असते आणि हळूहळू वाढवलेला दाब ती आणि आसपासचे भाग पचवतात. अडचण होते ती एकदम वाढवल्यावर. त्यात खुब्याचे बाजूचे स्नायू कच्चे असतील, तर पाय टेकताना मांडी आत वळते, म्हणजे वाटीखालची खोबणच सरकते आणि दाब एका कडेवर येतो. गुडघा दुखतो म्हणून खुब्याचा व्यायाम का सांगतात, याचं उत्तर यात आहे.

एकदम वाढवणं कसं असतं, ते आपल्याकडे पोलीस भरतीची जाहिरात आल्यावर बघायला मिळतं. मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यात मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. काल-परवापर्यंत दुकानात किंवा मागावर काम करणारी पोरं दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला मैदानावर येतात, रोज जोर लावून पळतात, वर शंभर बैठका आणि बदकचाल. बदकचालीत गुडघा पूर्ण दुमडलेला असतो आणि सगळं वजन त्याच्यावर. तीन-चार आठवड्यांत निम्मी पोरं कडेला बसून गुडघा चोळत असतात. ती बदकचाल कुणी सुरू केली कोण जाणे, तिने १६०० मीटरची वेळ काही कमी होत नाही.

पहिले दोन आठवडे: बंद नको, कमी करा

दुखण्याला ० ते १० मध्ये गुण द्यायची सवय लावा. व्यायाम करताना, चालताना ३ पर्यंत दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कालपेक्षा जास्त दुखत असेल, तर काल जास्त झालं समजा आणि कमी करा. हा एवढा एक नियम पाळला तरी अर्धं काम होतं.

पळून ३ च्या वर जात असेल तर पळणं थांबवून भरभर चाला. पळून २-३ वरच राहत असेल, तर अंतर निम्मं करा, वेगाचा सराव आणि उतार बंद ठेवा. सोलापूर बहुतेक सपाट, हे आपलं नशीब. उड्डाणपुलावरून खाली धावत येणं तेवढं टाळा. सायकल चालवत असाल तर सीट जरा वर घ्या, म्हणजे गुडघा कमी दुमडतो.

पळण्याइतकंच बसण्याकडेही लक्ष द्या. आमच्या मैदानावर भरतीची तयारी करणारी एक मुलगी येते. तिचा गुडघा काही केल्या बरा होईना. व्यायाम चोख, पळणंही कमी केलेलं. बोलता बोलता कळलं की दुपारी ती आईबरोबर विड्या वळायला बसते. मांडी घालून, मांडीवर सूप, सलग तीन-चार तास. सूप खाली ठेवून उठलं की वेळ जातो, म्हणून ती उठायचीच नाही. तिने एवढंच बदललं: भिंतीला पाठ टेकून, सूप छोट्या स्टुलावर, एक पाय सरळ पसरलेला, विड्यांची एक जुडी झाली की पाय बदलायचा. दोन आठवड्यांत सकाळचं दुखणं ५ वरून २ वर आलं. दुकानात गादीवर बसणाऱ्यांनी, हिशोब लिहिणाऱ्यांनी, दिवसभर कॉम्प्युटरपुढे असणाऱ्यांनी हेच करावं. अर्ध्या तासाने पाय सरळ करायचा, बस्स.

व्यायाम

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. सामान म्हणाल तर एक टॉवेल, सायकलची जुनी ट्यूब आणि दोन विटा.

सुरुवात टॉवेलपासून. आपला सोलापुरी टॉवेल, जाडसर, गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवायचा. पाय पसरून बसायचं आणि गुडघ्याने टॉवेल खाली दाबायचा, पाच सेकंद धरायचं, सोडायचं. मांडीचा पुढचा भाग दगडासारखा लागला पाहिजे. दहा वेळा, असे तीन फेरे. हा रोज केला तरी चालतो. जोडीला सरळ पाय उचलणं: उताणं झोपून एक गुडघा दुमडलेला, दुसरा पाय ताठ ठेवून फूटभर उचलायचा आणि सावकाश खाली.

खुब्यासाठी कुशीवर झोपा, खालचा पाय जरा दुमडलेला. वरचा पाय ताठ ठेवून किंचित मागे न्या आणि वर उचला. पायाची बोटं समोर राहिली पाहिजेत. बहुतेक लोक इथं फसतात. बोटं आढ्याकडे वळली की काम मांडीचा पुढचा स्नायू करतो आणि ज्याच्यासाठी हे करतोय तो खुब्याचा स्नायू आराम करतो. पाठ भिंतीला टेकवून, टाच भिंतीला घासत वर नेली की चूक होत नाही. १२ वेळा, तीन फेरे. मग उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलायची. हेही १२ चे तीन फेरे, सोपं वाटायला लागलं की एका पायावर.

हे १५-१५ वेळा सहज जमायला लागलं की ट्यूब काढा. गुडघ्यांच्या जरा वर दोन्ही मांड्यांभोवती बांधायची, गुडघे किंचित वाकवायचे आणि खेकड्यासारखं बाजूला चालायचं. दहा पावलं इकडे, दहा तिकडे, तीन वेळा. खुब्याच्या बाजूला जळजळलं पाहिजे. गुडघ्यात जळजळत असेल तर ट्यूब ढिली करा.

आता सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात घाईत केला जाणारा व्यायाम: पायरी उतरणं. दोन विटा शेजारी शेजारी आडव्या ठेवा, हलत नाहीत ना बघा. उंची साधारण तीन इंच होते, सुरुवातीला पुरे. दुखऱ्या पायावर विटांवर उभं राहायचं, दुसरा पाय पुढे मोकळा सोडायचा. दुखरा गुडघा वाकवत इतकं सावकाश खाली यायचं की मनात तीन अंक मोजून होतील. पुढच्या पायाची टाच जमिनीला नुसती शिवायची, तिच्यावर वजन टाकायचं नाही, आणि परत वर. समोर आरसा हवा, नाहीतर मोबाईल बादलीला टेकवून शूटिंग करा.

मी माझं शूटिंग पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरंच चमकलो. मला वाटत होतं मी सरळ उतरतोय. मोबाईलमध्ये उजवा गुडघा अंगठ्याच्याही आत जात होता, कंबर डावीकडे लचकत होती आणि मी खांदा वाकवून तोल सावरत होतो. पळताना प्रत्येक पावलाला हेच होत असणार. किलोमीटरला हजाराच्या आसपास पावलं धरली, तरी त्यातली निम्मी त्या पायाची. सुधारणा साधी: वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायची, दोन्ही कमरेची हाडं एका पातळीत. न जमल्यास एक हात भिंतीला लावा. ८ वेळा, तीन फेरे. गुडघा आत जायला लागला की तिथेच थांबायचं, आकडा पूर्ण करायच्या हट्टाने वाकडे फेरे मारू नका. तीन इंच निर्वेध जमले की घराच्या जिन्याची पायरी घ्या. मला त्याला पाच आठवडे लागले.

शेवटी खुर्चीची बैठक: मागे खुर्ची, सावकाश बसत टेकायचं आणि उठायचं. खोल बैठका आणि बदकचाल अजून दोन-तीन महिने बाजूलाच राहू द्या.

साधारण सहा आठवड्यांत फरक जाणवतो, पूर्ण बरं वाटायला तीन महिनेही लागतात. तिसऱ्या आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून सोडणारेच जास्त.

परत पळायला कधी आणि कसं

तीन गोष्टी जमल्या पाहिजेत: अर्धा तास भरभर चालून दुखणं २ च्या आत, जिना उतरताना २ च्या आत, आणि पायरीवरून दहा वेळा सरळ उतरणं. मग एक दिवसाआड सुरू करा. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. दोन-तीन दिवस हे पचलं की दोन मिनिटं पळून एक चालणं. मग चार मिनिटं पळून एक. मग सलग वीस मिनिटं. प्रत्येक टप्प्याला निदान दोन-तीन दिवस द्या आणि तो सकाळच्या जिन्याचा नियम लावत राहा. आधी अंतर वाढवायचं, वेग नंतर, चढ-उतार सगळ्यात शेवटी. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवलात तर दुखलं कशाने तेच कळत नाही.

पळताना एक बदल लगेच करता येतो आणि त्याला पैसे लागत नाहीत: पावलं छोटी आणि जलद टाका. मिनिटात दोन्ही पायांची मिळून किती पावलं पडतात मोजा. समजा १६० आली, तर १६८ करून बघा, म्हणजे ५ टक्के जास्त. वेग तोच ठेवायचा. पाऊल शरीराच्या फार पुढे पडत नाही, गुडघा कमी वाकतो, वाटीवरचा दाब उतरतो. फोनवर ठोके देणारं मेट्रोनोम अ‍ॅप मिळतं, ते १६८ वर लावून दहा मिनिटं त्याच्या तालावर पळा. पहिले काही दिवस नवरीसारखी छोटी पावलं टाकतोय असं वाटतं. सवय होते.

तलावाभोवती किंवा मैदानावर पळत असाल तर रोज एकाच दिशेने फेऱ्या मारू नका. रस्त्याच्या कडेला उतार असतो, तिथे एक पाय कायम खाली पडतो. सपाट भाग निवडा.

बाकीच्या उपायांचं काय

टेप लावल्याने किंवा नी-कॅप घातल्याने काहींना त्या वेळेपुरतं बरं वाटतं, त्या आधारावर व्यायाम होत असेल तर जरूर वापरा. बुटात घालायच्या तळव्यांचंही तसंच, सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरतं. शेक देणाऱ्या मशीनवर एकट्यावर भिस्त ठेवून बसू नका. तेल चोळून घ्या, आईला बरं वाटतं. बर्फ दुखेल तेव्हा दहा-पंधरा मिनिटं, कापडात गुंडाळून.

बूट ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदलायला हवेत असं साधारण धरतात. पण नव्या महागड्या बुटांनी हे दुखणं जात नाही. भरतीची बरीच पोरं अनवाणी किंवा कॅनव्हासच्या बुटात पळतात. चालत असेल तर चालू द्या, चाचणीच्या तोंडावर मात्र काही बदलू नका.

गोळी खाऊन पळू नका. दुखणं हाच आपला मीटर आहे, तो बंद करून गाडी हाकल्यासारखं होतं. शिवाय एप्रिल-मे मध्ये इथला पारा चाळिशीच्या वर जातो, घामाने अंग कोरडं पडतं, आणि अशात डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. उन्हाळ्यात साडेपाचला बाहेर, सातच्या आत घरी.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं

पडल्यावर किंवा पाय मुरगळल्यावर "कट्" झालं आणि काही तासांत गुडघा फुगला; पायावर वजनच टाकता येत नाही; गुडघा अडकतो किंवा अचानक दगा देतो; गुडघा लाल, गरम आहे आणि ताप आलाय; झोपेतही दुखून जाग येते. यातलं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवा आणि हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. पन्नाशीच्या आसपास असाल, सकाळी गुडघा आखडत असेल, तर झिजेचीही तपासणी करून घ्या. यातलं काही नसेल तर पहिल्याच दिवशी एक्स-रे, एमआरआयची सहसा गरज नसते. सहा ते आठ आठवडे नेमाने व्यायाम करून जराही फरक नसेल, तर फिजिओथेरपिस्टला पायरीवरून उतरून दाखवा.

परत दुखलं तर

दुखेल. निदान एकदा तरी. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत रोज रात्री होम मैदानावर चार-पाच तास उभं राहून, सकाळी पळायलाही जाऊन मी ते परत ओढवून घेतलं होतं. त्या वेळी तीन आठवडे घरी बसलो नाही. पळण्याचा टप्पा दोन पायऱ्या खाली आणला, म्हणजे दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, आणि विटांचा व्यायाम परत आठवड्यातून तीनदा केला. दहाव्या दिवशी मूळच्या टप्प्यावर आलो. एरवी दुखत नसतानाही आठवड्यातून दोनदा तो व्यायाम करतो. विटा अजून गॅलरीतच आहेत, बायकोने त्यांवर तुळशीची कुंडी ठेवलीय, मंगळवारी आणि शुक्रवारी तेवढी ती खाली उतरवावी लागते.